पोकर खेळते म्हणून नवरा तोंड फिरवतो, मी जुगारी झाले का?

पत्र:

नमस्कार. मी डोंबिवलीची, वय ६१, बँकेतून रिटायर झाले. दिवाळीत मुलगा टोरांटोहून आला होता, त्यानं आम्हाला पोकर शिकवलं, टेक्सास होल्डेम, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, आणि त्या सातांतून पाच चांगले निवडायचे. मला ते इतकं आवडलं की तो गेल्यावर मोबाईलवर फुकटचं ॲप टाकलं आणि आता रोज रात्री खेळते. भिशीतल्या मैत्रिणींनाही शिकवायचंय, मला धरून आठ जणी होतो, शनिवारी दुपारी आमच्याकडे. पण ह्यांचं म्हणणं, हा जुगार आहे, घरात नको. (हे स्वतः तीस वर्षं लोकलमध्ये रमी खेळलेत!) मुलगा म्हणतो पैसे न लावता खेळलात तर मजा येणार नाही. त्यात परवा एकीनं व्हॉट्सॲपवर कुठल्याशा 'क्लब'ची लिंक पाठवली, तिथे एजंटकडून चिप्स घ्यायचे आणि रविवारी यूपीआयवर हिशोब. जाऊ का? आणि ॲपवर चिप्स संपले की विकत घ्या म्हणतं, दोनदा घेतले. खरं सांगा, मी जुगारी होतेय का?
– पत्तेवाली काकू

उत्तर:

काकू, नमस्कार. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे तुम्हाला नीट झोप लागेल. नाही, तुम्ही जुगारी झालेला नाहीत. पण पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की त्या मला आवडल्या नाहीत, ती क्लबची लिंक आणि ते 'दोनदा घेतले'. त्यांच्याकडे येतेच. आधी काकांचं बघू.

काकांना सांगा की तुमची रमी सुप्रीम कोर्टानं १९६८ सालीच सोडवलीय, आंध्रच्या एका क्लबच्या केसमध्ये कोर्टानं म्हटलं की रमीत पत्ते लक्षात ठेवायला लागतात, काय टाकायचं काय धरायचं ते ठरवायला लागतं, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. त्याच निकालात तीन पत्तीला मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलंय. पोकर बिचारं अधेमधे लटकलंय. गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये त्याला नशिबाच्या बाजूला टाकलं, अलाहाबाद हायकोर्टानं २०२४ मध्ये कौशल्याच्या बाजूला. आयआयएम कोळीकोडमध्ये तर स्ट्रॅटेजीचा विषय म्हणून पोकर शिकवून झालंय. म्हणजे न्यायाधीशांचं जमत नाही तिथे काका एका वाक्यात निकाल देतायत, हे जरा जास्तच होतंय.

पण खरं सांगू का, काकांच्या बोलण्यात तथ्य एवढंच की जुगार पत्त्यांत नसतो, पैशांत असतो. आपल्याकडे गौरीच्या जागरणाला रात्रभर पत्ते कुटतातच की, मेंढीकोट, बदाम सात, चॅलेंज, त्याला कोणी काही म्हणत नाही. आणि चॅलेंज हा तर सरळ सरळ थापा मारायचा खेळ, पोरांना आपणच शिकवतो! तेव्हा घरात कॅट आला म्हणून घर बुडत नाही. पैसे आले की मात्र कायद्याचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा अजून चालू आहे, त्यात कौशल्याच्या खेळाला सूट आहे खरी पण पोकर त्यात बसतं का हे आपल्याकडे पक्कं ठरलेलं नाही, आणि घरमालकानं जागेचे किंवा पत्त्यांचे पैसे कापून घेतले, प्रत्येक डावातून कट घेतला, तर त्या जागेकडे जुगाराचा अड्डा म्हणून बघता येतं. मी वकील नाही, पण सोसायटीतल्या कोणीतरी चिडून फोन केला आणि हवालदार दारात आला तर तुम्हाला दोन तास कलमं समजावत बसायचंय का? नाही ना. मग रोख रक्कम नकोच. चहा-नाश्त्याची वर्गणी सगळ्यांची सारखी, हरो की जिंको, आणि तिचा खेळाशी संबंध नाही. काकांची अर्धी तक्रार इथेच संपते, उरलेली अर्धी बटाटेवडे समोर आले की संपेल.

आता मुलगा म्हणतो ते. तो चुकीचं बोलत नाहीये हां, अर्धं बरोबर आहे. पोकरमध्ये काहीच पणाला नसेल तर खेळच होत नाही, कारण समोरचीला हरण्याचं काही वाटतच नसेल तर ती पत्ते टाकणार, म्हणजे डाव सोडणार कशाला, आणि ती टाकणार नसेल तर तुम्ही ब्लफ, म्हणजे चांगले पत्ते असल्याची थाप, मारणार कुणाला. तुमच्या फुकटच्या ॲपवर हेच होतं, बघा आठवून, पहिल्याच डावात चार जण ऑल-इन, म्हणजे असतील नसतील ते सगळे चिप्स लावून मोकळे, हातात सात-दोनसारखे रद्दी पत्ते असताना पण, कारण संपले तर उद्या सकाळी परत फुकट मिळणार. तिथे तुम्ही कितीही हुशारीनं ब्लफ मारा, कोणीतरी येतंच. पण पणाला पैसेच लागतात असं कुठेय? लागतं ते एवढंच की चिप्स मोजके असावेत आणि संपले की संपले. टंचाई असली की चिंचोक्यालाही किंमत येते.

म्हणून माझा सल्ला, टूर्नामेंट करा. प्रत्येकीला सुरुवातीला सारखं भांडवल, चढते ब्लाइंड (डाव सुरू व्हायच्या आधी दोघींनी सक्तीनं टाकायचे चिप्स), आणि शेवटी एकच उरते ती जिंकली. पाचशे चिप्सची ॲल्युमिनियमची पेटी वगैरे आत्ता काही मागवू नका, आधी खेळ टिकतो का ते बघू. चिंचोका २५चा, राजमा १००चा, सुपारी ५००ची धरा. प्रत्येकीला ८ चिंचोके, ८ राजमे, २ सुपाऱ्या, झाले २,०००. आठ जणींचे १६,०००. ब्लाइंड २५ आणि ५० पासून सुरू करा आणि दर १५ मिनिटांनी वाढवा, ५०-१००, मग ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००, ४००-८००. किचनमधला टायमर लावा, मोबाईलचा नको, मोबाईल हातात घेतला की बाई व्हॉट्सॲपमध्ये गेलीच. साधारण दोन तासांत आपोआप निकाल लागतो कारण शेवटी ब्लाइंडच इतके मोठे होतात की वाट बघत बसणं परवडत नाही. तुम्ही बँकेतल्या, ही बेरीज तुम्ही माझ्या आधीच केली असेल. हो, ते राजमे नंतर आमटीत जाणार नाहीत याची व्यवस्था करा, डबा वेगळा ठेवा.

नवशिक्यांचा प्रॉब्लेम असा असतो की एखादी दहाव्या मिनिटाला बाद होते आणि मग दोन तास तोंड पाडून सोफ्यावर बसते, पुढच्या शनिवारी येत नाही. तर पहिल्या अर्ध्या तासात एकदाच परत यायची मुभा द्या, आणि त्याची किंमत म्हणून सगळ्यांचा चहा तिनं करायचा. त्यानंतर बाद झालेलीनं पत्ते वाटायचं काम घ्यायचं, वाटणारीला सगळं दिसतं आणि शिकायलाही सगळ्यात जास्त तिलाच मिळतं. आठ शनिवारांचा एक सीझन धरा, पहिलीला ८ गुण, दुसरीला ७ असं करत शेवटचीला १, फ्रिजवर तक्ता लावा. सीझन जिंकणारी पुढच्या भिशीचा मेन्यू ठरवणार आणि शेवटच्या दोघी मिळून तो करणार. मला सांगा, सत्तर माणसांच्या पंगतीत वाढलेल्या बायका आठ जणींची पुरणपोळी टाळण्यासाठी किती जिवावर उदार होऊन खेळतील! पन्नास रुपये लावून एवढी चुरस येणार नाही.

पत्ते मात्र प्लॅस्टिकचे घ्या, थोडे महाग पडतात पण कागदी कॅट पावसाळ्यात फुगतो, कोपरे दुमडतात आणि मग दुमडलेला इस्पिकचा एक्का सगळ्यांना पाठीमागून ओळखता येतो. दोन रंगांचे दोन कॅट ठेवा, एकानं डाव चालू असताना दुसरा पिसून तयार. डीलरचं बटण, म्हणजे वाटायची पाळी कुणाची ते दाखवायची खूण, म्हणून कॅरमचा स्ट्रायकर झकास चालतो.

आणि पहिल्या दिवशी भांडण कशावरून होणार ते आत्ताच सांगते. तुमच्यातल्या निम्म्या जणी तीन पत्ती खेळलेल्या असणार. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीनं येणारे पत्ते) कलरच्या (सगळे एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम वगैरे) वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, सगळ्यात वर, पोकरमध्ये तेच सिक्वेन्सच्याही खाली. एखादी बाई तीन एक्के आपटून सगळे राजमे ओढायला लागेल आणि समोरचीकडे चार-पाच-सहा-सात-आठ असेल, आणि मग बघा! हे उगाच कोणी उलटं करून ठेवलेलं नाही, जे कमी वेळा येतं ते मोठं एवढाच हिशोब आहे. तीन पत्त्यांत साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे येतो, साधा कलर १,०९६ प्रकारे. पाच पत्त्यांत उलटं होतं, सिक्वेन्स १०,२०० प्रकारे आणि कलर फक्त ५,१०८. चढता क्रम मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर ठेवाच: सुटा मोठा पत्ता, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, सिक्वेन्स, कलर, फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी), चार सारखे, आणि सगळ्यात वर एकाच रंगाचा सिक्वेन्स. आणि हेही सांगा की इथे तीन पत्तीसारखं पत्ते न बघता ब्लाइंड चालायचं वगैरे काही नाही, पत्ते प्रत्येकीनं बघायचेच, फक्त डीलरच्या डावीकडच्या दोघींनी आधी सक्तीनं थोडं टाकायचं असतं.

खेळाबद्दल एकच सांगते कारण बाकीचं लेकानं शिकवलं असेल. टाका हो पत्ते, टाका! नवी माणसं प्रत्येक डावात घुसतात, 'बघू तरी काय येतंय' म्हणून. आठ जणींच्या टेबलावर पाचातले चार डाव सुरुवातीलाच सोडायचे असतात, आणि हे आपल्या लोकांना फार जड जातं, पानात वाढलेलं टाकायचं नाही ही सवय ना. हातात जोडी सतरा डावांत एकदा येते, दोन एक्के तर २२१ डावांत एकदा. घरी हातानं वाटून तासाला वीस-पंचवीस डाव होतात, म्हणजे एक्क्यांची जोडी साधारण पाच-सहा शनिवारांत एकदा तुमच्या वाट्याला. आणि आली तरी दुसऱ्या कुठल्याही दोन पत्त्यांसमोर शंभरात पंचाऐंशी वेळाच जिंकते, उरलेल्या पंधरा वेळा रडायचं नाही. अजून एक, हे तुम्हाला आवडेल, टेबलावर तीन पत्ते उघडलेत आणि तुम्हाला बदामाचा पाचवा पत्ता हवाय, तर कॅटमध्ये ९ बदाम शिल्लक. दोन पत्ते उघडायचे बाकी असतील तर ९ गुणिले ४, म्हणजे ३५ टक्क्यांच्या आसपास चान्स. एकच बाकी असेल तर ९ गुणिले २, जवळपास २० टक्के. समोरची जेवढे मागतेय ते मधल्या ढिगाऱ्याच्या मानानं ह्या टक्क्यांना परवडतं का, एवढंच बघायचं. कर्ज मंजूर करताना तुम्ही हेच करत होतात, फक्त फॉर्म भरायला लागत नाही.

बरं आता ऑनलाइन. इथे मी जरा कडक होणार आहे.

तो क्लब. नाही. अजिबात नाही. लिंक पाठवणारी मैत्रीण कितीही चांगली असो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्यात पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, कौशल्याचा की नशिबाचा हा वादच त्यात ठेवलेला नाही, म्हणून तर जाहिरातीत क्रिकेटर घेऊन मिरवणारी मोठमोठी ॲपं पैशांचे खेळ बंद करून बसली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, बरोबर, आणि हेच वाक्य एजंट तुम्हाला ऐकवेल. पण ह्या क्लबांची रचना बघा, ॲप म्हणतं आमच्याकडे नुसते खेळण्यातले चिप्स, पैशांचा हिशोब बाहेर, रविवारी, कुठल्यातरी अनोळखी खात्यांवरून. तो एजंट उद्या ब्लॉक करून गेला तर तक्रार कुठे करणार आणि काय म्हणून करणार? आणि त्याहून वाईट म्हणजे पैसे आले तर. त्या खात्यात आधी कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे फिरलेले असले आणि त्या माणसानं १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस पैशांची साखळी धरत येतात आणि साखळीतल्या प्रत्येक खात्यावर बँक लीन लावते, म्हणजे पैसे अडकवून ठेवते. तुमचं पेन्शनचं खातं आहे काकू. जिंकलेल्या बाराशे रुपयांपायी पेन्शन अडकली तर ज्या काउंटरच्या आत तुम्ही आयुष्य काढलं त्याच्या बाहेर अर्ज घेऊन उभं राहायला लागेल. शिवाय टेबलावरचे सहाजण खरे सहा आहेत की एकाच खोलीत बसून एकमेकांना पत्ते सांगणारे तिघं आहेत हे तुम्हाला फोनवर कळायचा मार्गच नाही. मैत्रिणीलाही हे वाचून दाखवा, बहुतेक तिला आणखी माणसं आणायला सांगितलेलं असणार.

परदेशी साइटचं पण तसंच, कोणी व्हीपीएन वगैरे शिकवायला लागलं तर विषय बदला.

आता तुमचं फुकटचं ॲप. ते राहू दे, सरावाला, बोटांना सवय व्हायला ठीक आहे. फक्त तिथे काय शिकायचं नाही ते लक्षात घ्या. फोनवर पत्ते आपोआप वाटले जातात, घरी तासाला वीस डाव होतात तिथे साठ होतात, म्हणजे सगळं तिप्पट वेगानं घडतं, एक्केही तिप्पट वेळा दिसतात आणि ते मोडतातही तिप्पट वेळा, आणि मग माणसाला वाटायला लागतं की ॲपच लबाडी करतंय किंवा आज आपला दिवस आहे. दोन्ही वाटण्यांत अर्थ नसतो. आणि घरी टायमर वाजतो, दूध उतू जातं, कुणाची तरी सून फोन करते, डाव संपतो. ॲपला संपायचं कारणच नाही. तुम्ही लिहिलंय 'रोज रात्री', किती वाजेपर्यंत ते लिहिलेलं नाही. ते मुद्दाम गाळलंत असं मला वाटतंय!

चिप्स विकत घेण्याचं बोलू. ते चिप्स परत पैशात येत नाहीत, म्हणजे तुम्ही जुगार खेळला नाहीत, सरळ खर्च केलात, आणि नाटकाच्या तिकिटासारखा एकदाच केला असतात तर मी काही बोलले नसते. पण नाटकवाला मध्यंतरात 'अजून शंभर द्या नाहीतर दुसरा अंक नाही' म्हणत नाही. दोनदा घेतले ते कधी घेतले बघा, नक्की हरल्यावर, रात्री उशिरा, 'एवढा डाव भरून काढते' म्हणून. तोच एक क्षण सांभाळायचा असतो, बाकी काही नाही. आजच प्ले स्टोअरमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावा, कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर काढा. चिप्स संपले की त्या दिवसाचा खेळ संपला, तुमच्या शनिवारच्या टेबलासारखंच. ह्यातलं काही करायला गेलात आणि जमलंच नाही, पासवर्ड परत काढावासा वाटला, काकांपासून फोन लपवावासा वाटला, झोप जायला लागली, तर मग उत्तर वेगळं. तेव्हा लाजत बसू नका, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

गोव्याचं तुम्ही विचारलं नाहीत पण आठ बायकांना पोकर आलं की नवव्या आठवड्यात कोणीतरी 'मांडवीतल्या बोटीवर जाऊया' म्हणणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. तिथले कॅसिनो गोव्याच्या कायद्यानुसार चालतात, जायला हरकत नाही, बोट बघा, जेवा, गाणी ऐका. पण पोकरच्या टेबलावर बसू नका. प्रत्येक डावातून कॅसिनो कट घेतो आणि समोर बसलेले तिघं-चौघं महिन्यातून दहा वेळा तिथेच असतात, त्यांना तुमच्यासारख्या हसतमुख काकू फार आवडतात.

ऑनलाइन खेळायचंच असेल तर मला सगळ्यात चांगला उपयोग वेगळाच दिसतो आणि नवल म्हणजे तुमच्या पत्रात तो कुठेच नाही. लेक टोरांटोत आहे ना? बऱ्याच फुकटच्या ॲपमध्ये पासवर्ड टाकून खासगी टेबल उघडता येतं, बाहेरचं कोणी येत नाही. रविवारी रात्री आपल्याकडे आठ वाजतात तेव्हा त्याच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा असतात, थंडीत साडेनऊ, उठलेला असेल आशा करूया. सून, तिची बहीण, कोण येईल ते घ्या, सगळ्यांना सारखे चिप्स, संपले की संपले. काकांनाही बसवा, रमीवाल्या माणसाला दोन रविवारांत चटक लागते, फक्त सुरुवातीला ते प्रत्येक डाव शेवटपर्यंत धरून बसतील, सोडणार नाहीत, तेव्हा त्यांच्यावर ब्लफ मारू नका, चांगले पत्ते आले की भरपूर मागा. आणि ॲप टॅबवर उघडून फोनवर व्हिडिओ कॉल चालू ठेवा, नाहीतर आई खोटं बोलतेय हे पोराला कळणार कसं.